अण्णांचं पथ्य

पुण्याची एसटी देवगाव फाट्यावर आमच्या हॉटेलासमोरच थांबते. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी, भज्यांची कढई आणि चहाचा स्टोव्ह. ड्रायव्हर-कंडक्टर अण्णांकडे चहा प्यायल्याशिवाय पुढे जात नाहीत, त्यामुळे मी कॉलेजला निघालो त्या सकाळी मला निरोप घ्यायला इतरांपेक्षा जरा जास्त वेळ मिळाला. मायनं धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. धपाटे पांढरट होते. त्यांत तिखट नव्हतं, लसूणही नव्हता. गाडी सुरू झाली तसे अण्णा फडक्याला हात पुसत खिडकीपाशी आले. गावाहून निघणाऱ्या मुलाला बाप सांगतो, अभ्यास कर, पोचलास की फोन कर. अण्णा म्हणाले, "पथ्य पाळ."

जे गावाकडेच राहिलात त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे बॅग घेऊन निघालात त्यांच्यासाठी हे लिहितोय. नीट जमेल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरचं काही लिहायचं म्हणजे घरच्यांची परवानगी घ्यावी लागते असं मला अजून वाटतं. ती मी घेतली आहे.

बारावीची परीक्षा झाल्यावर मी मायला सांगितलं की मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. ती तेव्हा कांदे चिरत होती. तिनं चिरणं थांबवलं नाही, फक्त विचारलं, "कवापून?" मी म्हटलं, "पहिल्यापासूनच." तिनं अण्णांना सांगितलं. अण्णा ओरडले नाहीत, त्यांनी हातही उगारला नाही. दोन दिवसांनी म्हणाले, "आजार हाय. आजाराला औषध आसतंय."

अण्णांचा औषधापेक्षा पथ्यावर जास्त विश्वास. मी लहान असताना त्यांना मोठी कावीळ झाली होती. लोकांनी आशा सोडली होती. अण्णांनी तेल, तिखट सगळं सोडलं, उसाच्या रसावर आणि कोरड्या भाकरीवर राहिले आणि उठले. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं आहे, माणूस पथ्यानं बरा होतो. डोळे पिवळे होतात तसं माझ्याही आत काहीतरी झालंय आणि ते असंच उतरेल, अशी त्यांची सरळ समजूत होती.

कुणीतरी सांगितलं म्हणून ते मला एका मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. बाहेर पाटी होती, 'खात्रीशीर उपचार'. डॉक्टर माझ्याकडे पाहतच नव्हते, सगळं अण्णांशीच बोलत होते. शरीरात उष्णता वाढली की असे विचार येतात, म्हणाले. पुड्या दिल्या. माझ्या मनगटात एक रबर घालायला लावला. तसा विचार आला की तो ताणून सोडायचा, चटका बसला पाहिजे. आणि पथ्य सांगितलं. तिखट, आंबट, कांदा, लसूण, चहा, सगळं बंद. "पथ्य मोडलं तर माझी जबाबदारी नाही," असं दोनदा बजावलं.

परत येताना स्टँडवर अण्णांनी सवयीनं दोन चहा सांगितले. मग त्यांना आठवलं. माझ्यापुढचा कप त्यांनी बाजूला केला. थोड्या वेळानं स्वतःचाही केला. "तू एकटा कसा पाळशील," म्हणाले. "मीबी पाळतो."

चहा विकणाऱ्या माणसानं चहा सोडला. दिवसभर मिरचीची भजी तळायची आणि जेवताना गोडं वरण नि कोरडी भाकरी खायची. चव न घेता भज्यांचं पीठ कालवायचं, त्यामुळे मीठ कधी कमी, कधी जास्त. फाट्यावर काळी-पिवळी जीप चालवणारे शब्बीरमामू रोज सगळ्यांसमोर विचारायचे, "अण्णा, तुम खुद पीते नै, हमकू पिलारे. डाले क्या इसमें?" बाकड्यांवरची माणसं हसायची. अण्णाही हसायचे. "पोटाचं हाय मामू, डॉक्टरनं सांगितलंय," म्हणायचे. माझा आजार त्यांनी असा स्वतःच्या पोटावर घेतला होता.

पुण्यात आल्यावर पहिल्याच दिवशी कॉलेजच्या दारात एक बाण दिसला, 'ओरिएंटेशन हॉलकडे'. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. पोरं जात होती, मीही गेलो. हळूहळू खूप शब्द आले. असाइनमेंट, सेमिस्टर, सबमिशन. काही शब्द गेलेही. मी वर्गात एकदा "वाचायलाव" म्हणालो तेव्हा मागचा बाक हसला. आता मी "वाचतोय" म्हणतो आणि फोनवर मायशी बोलताना परत "वाचायलाव" होतं. दोन्ही माझंच आहे असं वाटायला वेळ लागला.

मेसमध्ये मी बिनफोडणीचं वरण मागायचो. रूममेट सिद्धेश कोल्हापूरचा, तांबड्या रश्शावर वाढलेला. त्याला हे बघवत नसे. "ए पेशंट," तो ताट बघून म्हणायचा, "लेका, ताक तरी पी. मरत नाही कोण ताकानं." त्याच्या मनात काही नव्हतं. पण 'पेशंट' ऐकलं की माझा हात आपोआप मनगटाकडे जायचा.

दुसऱ्या सेमिस्टरला मानसशास्त्राच्या मॅडम एक प्रकरण शिकवत होत्या. तोच बाणावरचा शब्द परत आला, लैंगिक ओरिएंटेशन, म्हणजे कल. मॅडमनी हवामान सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मुलग्याला मुलगा आवडणं हा आजार नाही. एके काळी तो आजारांच्या यादीत होता, तिथून तो काढून टाकला. तो कल बदलून देण्याच्या म्हणून ज्या ट्रीटमेंट करतात त्यांनी कुणी बदलतं याला आधार नाही. त्यांनी माणूस खचतो, जीवही द्यायला निघतो, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आपल्याकडेही डॉक्टरनं असले उपचार करणं गैरवर्तन धरतात. मग मॅडम म्हणाल्या, "आता पुढचा मुद्दा." आणि फळा पुसला.

बाकीची पोरं वहीचं पान उलटत होती. मी तास संपल्यावर बसूनच राहिलो. मॅडम जवळ आल्या. मी बाही वर केली. रबराखाली कातडी काळी पडली होती. त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "काढ तो." आणि थोडं थांबून, "तुझं तूच काढ." मी काढला.

रबर निघाला, पथ्य सुटेना. कारण आता मला माहीत होतं, अण्णांना नव्हतं. मी इकडं मिसळ खाल्ली तर ते तिकडं एकटेच कोरडी भाकरी मोडत राहणार. मी बरा व्हावा म्हणून ते पाळत होते आणि ते पाळतायत म्हणून मी. फोनवर ते विचारायचे, "पथ्य चालू हाय ना?" मी म्हणायचो, "हो, अण्णा." खरंच चालू असायचं. कशासाठी, ते मात्र सांगता येत नव्हतं. सांगितलं तर त्यांची एकुलती एक आशा जाणार होती. ती गेल्यावर ते माझ्याकडे कसे बघतील, हे मला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो. दुपारची वेळ, दोन गाड्यांच्या मधली. बाकडी रिकामी होती. मी म्हणालो, "अण्णा, हा आजार न्हाई."

"कोणता?"

"माझा."

मी सगळं सांगितलं, मॅडमनी सांगितलं तसं. मॅडमसारखा साधा आवाज काही लागला नाही. अण्णांनी स्टोव्ह बारीक केला.

"मंग त्यो डॉक्टर खोटं बोलला?"

"हो."

"आन म्याच तुला तिथं नेलं."

"तुमी दवाखान्यात नेलं, अण्णा. लोक घराबाहेर काढतेत."

माय मागून म्हणाली, "मी कवाची सांगायले, पोराचं तोंड बघा. हे काय आजारी माणसाचं तोंड हाय का? वाळलाय त्यो तुमच्या पथ्यानं."

"तू गप गं," अण्णा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजी तू बदलणार न्हाईस."

"न्हाई, अण्णा."

बाहेरून एक ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसेपर्यंत ते तिकडेच बघत होते. मग त्यांनी कपात चहा गाळला आणि माझ्यापुढं ठेवला. "पे. आजपून तुझं पथ्य बंद."

मी विचारलं, "आन तुमचं?"

"माझं राहू दे चालू."

"कशामुळं? तुमाला काय झालंय?"

"तू बरा हाईस म्हणतोस ना," अण्णा म्हणाले. "मला बरं व्हायला येळ लागंल."

मी चहा प्यायलो. वर्षानंतरचा चहा. त्यांनी हळूच विचारलं, "साखर बराबर हाय का?" त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस गोड झाले असं नाही. मी पुण्याला परतलो आणि कितीतरी आठवडे अण्णा फोनवर आलेच नाहीत. माय म्हणायची, "गिऱ्हाईक हाय." मागं भांड्याचाही आवाज नसायचा. एकदा मीच धीर करून मायला सांगितलं, फोन त्यांना दे. ते आले. मी विचारलं, "पथ्य चालू हाय का?" अण्णा म्हणाले, "काल जरा दही खाल्लं."

तेव्हापासून आमचं बोलणं असंच चालतं. "कांदा खाल्ला सोमवारी." "लसणाची चटणी घेतली थोडी. झेपली." दुसरा बाप जे तोंडानं म्हणाला असता ते माझा बाप ताटातून सांगतोय, हे मला कळतं. मध्ये एका पाहुण्यानं त्यांना आणखी एक डॉक्टर सुचवला. अण्णाच म्हणाले, "म्या त्याला फोन लावला व्हता. इचारलं, किती जण बरे केले? म्हणला, सगळेच. म्या ठिवला फोन. जो हॉटेलवाला म्हणतो आमच्याकडं सगळंच ताजं, त्याच्याकडं एकबी ताजं नसतंय."

चहा मात्र अजून सुटलेलाच होता. तो त्यांनी परवा घेतला. शब्बीरमामूंनी म्हणे सगळ्या फाट्याला हाका मारून गोळा केलं, "आओ रे, अण्णा पीरे! अब डरो मत!" हे सांगताना अण्णा हसत होते. मग हसणं थांबलं आणि ते अडखळत म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. तुझा त्यो... दोस्त आसंल ना तिकडं. त्याला तिखट चालतंय का? कवा आला इकडं, तर आपलं आपल्याला ठावं आसावं."

मी म्हणालो, "अण्णा, तसा कोणी न्हाई अजून."

"न्हाई?" त्यांचा आवाज थोडा पडल्यासारखा वाटला. "बरं. आसंल तवा इचारून ठिव."

पुण्याच्या खोलीवर आता मला घर म्हटलं की पत्र्याची शेड दिसत नाही, डबा दिसत नाही. ज्याला मी अजून भेटलेलोही नाही, त्याला काय झेपेल याची काळजी देवगाव फाट्यावर एक माणूस आतापासून करतोय, एवढंच दिसतं.