पदराचा पीळ

शिकवता शिकवता बल्ला मॅडम पदराचं टोक चिमटीत पिळायला लागल्या, की आमचं अख्खं बाक पेन खाली ठेवायचं. आता येणार ते पुस्तकात नसणार, म्हणजे परीक्षेतही नसणार! सत्तरच्या दशकातलं सोलापूरचं कॉलेज. मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी वळसंगहून एसटीनं येऊन मागच्या बाकावर झोपायचो.

त्या दिवशी चुकून जागा होतो. "पेशीत पाचकरसाच्या इवल्या पिशव्या फिरतात," मॅडम म्हणाल्या. "अन्नाची पिशवी भेटली की दोनाची एक होते. पण दिसेल तिच्यात का नाही मिसळत? कोण ठरवतं?" पदर पिळणं सुरू. "अजून कुणाला ठाऊक नाही. मला वाटतं, दोघींवर प्रोटीनचे धागे असणार. जोडीचा धागा भेटला तरच पीळ बसणार, आणि त्या पिळानं दोघी जवळ ओढल्या जाणार. आमच्यात मागावर नवा धागा जुन्याला असाच पिळून जोडतात की!" मॅडम शुक्रवार पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या.

वर्षभरात मला समजलेली ती एकमेव गोष्ट. जिवापाड जपली.

"नापास झालास तर शेळ्यांमागं जायचं," असं आमच्या अण्णांनी बजावलं होतं. आणि शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका पिशव्यांचाच प्रश्न विचारला. मी छाती फुगवून म्हटलं, "पीळ बसतो की, सर!" हसून हसून त्यांना चष्मा काढावा लागला. "कुठल्या पुस्तकात वाचलंत हे?"

कोपऱ्यातल्या मॅडम पुढे आल्या. "पुस्तकात नाही सर, तो माझा अंदाज आहे. हसायचं तर मला हसा, त्याचे मार्क कापू नका. दुसरा प्रश्न विचारा."

दुसरा प्रश्न विचारला गेला आणि अर्थातच मला तो आला नाही. काठावर पास झालो ते मॅडमच्या पुण्याईनं.

पुढे मी चक्क मास्तर झालो. कैक वर्षांनी एका मासिकात चित्र दिसलं: दोन पिशव्यांवरची प्रोटीनं एकमेकांत पिळली जाऊन त्यांना जवळ ओढतायत. तसाच रिक्षानं शुक्रवार पेठ गाठली. मॅडम आता खाटेला खिळल्या होत्या.

"मॅडम, पीळच निघाला की हो!" जणू शोध मीच लावला होता.

चित्र बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग हात पदराकडे गेला. "अय्यो, पण काम झाल्यावर तो पीळ सोडवतं कोण रे? धागे परत लागणार की."

दुसरा प्रश्न!

"पुढच्या वेळी वाचून ये."

उत्तर त्याच मासिकात, पुढच्याच पानावर होतं. वेगळं प्रोटीन येऊन पीळ सोडवतं. महिन्याभरानं मी ते वाचलं, घोकून पाठ केलं आणि गेलो. दारात चपलांची गर्दी होती. मॅडम सकाळीच गेल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदाच मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत होतं.