गुरुवारचं तेल

कुठे काय कोसळलं, बुडालं, जळलं, ते आधी टीव्हीला कळतं आणि मग तोतुकानच्या कढईला, असं आक-बुलाक गावात म्हणत. चेष्टाच ती, पण खोटी नव्हती. कुठल्या लांबच्या मुलखात भूकंप झाला, जहाज बुडालं, खाणीत माणसं गाडली गेली, की येत्या गुरुवारी तोतुकानच्या अंगणातून सरकीच्या तेलाचा वास सुटलाच म्हणून समजा. तेल तापवायचं, सात रोट्या तळायच्या, कुराणातल्या दोन ओळी म्हणायच्या आणि रोट्या शेजारीपाजारी वाटायच्या. वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, तोच त्यांचा घास. हे गावात घरोघरी चालायचं, पण जो तो आपल्या मेलेल्यांसाठी करायचा. तोतुकान साऱ्या जगाच्या मेलेल्यांसाठी करायची.

"एजे, जगात रोज कोणी ना कोणी मरतंय. तुझं तेल पुरायचं का गं?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं बायका विचारत.

"संपलं की तुझ्या चुलीवर येऊन बसेन. तेव्हा तोंड लपवू नकोस म्हणजे झालं."

शेजारच्या बुरुलचा मुलगा एर्मेक लहान असताना वास आला रे आला की मधल्या मातीच्या भिंतीवर चढून बसायचा. "आपा, आज कुठे कोण मेलं?" पहिली रोटी त्याचीच असायची. दुवा मागायला सांगितली तर तोंडात घास कोंबलेलाच असायचा, मग तसाच हात पसरून काहीतरी पुटपुटायचा. तोतुकानला मूलबाळ नव्हतं. त्या पुटपुटण्यावर ती खूश असायची.

हा नाद तिला लागला त्याला कारण होतं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच तिचा नवरा उत्तरेकडे कोळशाच्या खाणीत गेला आणि तिथेच गाडला गेला. बातमी यायला महिना लागला. तो सगळा महिना ती इथे हसत होती, बायकांबरोबर गाणी म्हणत लोकर पिंजत होती, आणि तिकडे त्याचा जीव उपाशी भटकत होता. त्याच्यासाठी कोणी चमचाभर तेल तापवलं नव्हतं. हे तिच्या मनातून कधीही गेलं नाही. आपल्या देखत दुसरं कोणी असं उपाशी राहता कामा नये, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

तेलाआधी ती बसायची. हे बसणं तिला वडलांनी शिकवलं होतं, नमाज लपून पढावी लागे त्या काळात. जीभ टाळूला टेकवायची, डोळे मिटायचे, ओठ हलू द्यायचे नाहीत. श्वास आत घेताना देवाचं नाव, बाहेर सोडताना देवाचं नाव. समोर सरकारी साहेब उभा असला तरी त्याला पत्ता लागू नये. तसं बसलं की तोतुकान त्या लांबच्या जागी जायची आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या उशाशी बसायची. डोळे उघडले की म्हणायची, "फार गारठा होता तिथे." बायका एकमेकींकडे बघत, पण हसत नसत. खरं सांगायचं तर तिला या गोष्टीचा थोडा ताठाही होता. आपण गेलो नसतो तर त्या बिचाऱ्यांचं कोण होतं, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी सकाळी टीव्हीने सांगितलं, की उत्तरेतल्या एका शहरात बर्फाच्या ओझ्याने भाजीबाजाराचं छप्पर रात्री खाली आलं. खूप माणसं खाली आहेत, त्यात आपल्याकडची पुष्कळ. शहराचं नाव ऐकून तोतुकानने सुटकेचा श्वास सोडला. गावातली पोरं सगळी मॉस्कोला कामाला होती. एर्मेकही तिथेच. मग ती कामाला लागली. गुरुवार तर होताच, हातात पीठही होतं. त्या दिवशी ती बसलीसुद्धा नाही. बसणं संध्याकाळी होईल, तेल आधी, असं म्हणून तिने कढई चढवली.

दुपारी फडक्याखाली गरम रोटी घेऊन ती बुरुलच्या घरात शिरली. बुरुल भिंतीला टेकून बसली होती, हातात फोन. तिच्या डोक्यावर खिळ्याला एक पुरचुंडी टांगलेली होती. परदेशी निघताना एर्मेकने दातांनी रोटीचा एक घास तोडला होता, उरलेली त्यात बांधून ठेवली होती. ती त्याने परत येऊन खायची.

"घे गं, गरम आहे. दुवा माग."

"कोणासाठी?" बुरुलने वर पाहिलं नाही.

"ते छप्पर नाही का पडलं रात्री! गेले बिचारे. ना आई जवळ, ना बायको. म्हटलं, आपण तरी..."

"एर्मेक तिथे आहे."

"काहीतरीच तुझं! तो मॉस्कोला..."

"पंधरा दिवस झाले जाऊन. पगार जास्त देतात म्हणून गेला. कोणाला बोलले नाही मी. नजर लागते ना." बुरुलचा आवाज अगदी साधा होता. "सकाळपासून फोन लागत नाहीये."

मग तिला रोटी दिसली. म्हणजे ती काय आहे ते तेव्हा कळलं. तिने हाताच्या एका फटक्याने रोटी उडवली. "जिवंत आहे माझा पोरगा! जिवंत माणसाच्या नावाने तेल जाळलंस? कोणी विचारलं होतं तुला? जगभरची मढी पुरली नाहीत?"

जमिनीवर रोटी फेकलेली तोतुकानने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. ती वाकली, रोटी उचलली, फुंकली, कपाळाला लावली.

"चालती हो. आणि तो वास घेऊन जा तुझा."

वास कसा घेऊन जाणार? तोतुकानने घरी येऊन त्या थंडीत दारं-खिडक्या सताड उघडल्या. तेल अंगणातल्या बर्फात ओतलं, तर तिथूनही वाफ उठून भिंतीपलीकडे गेली. ती डोक्याचा रुमाल सोडून त्या वाफेला हाकलत राहिली. म्हाताऱ्या बाईचं ते थैमान कोणी पाहिलं असतं तर हसूच आलं असतं. तिचं मात्र काळीज फाटलं होतं.

त्यानंतर तिच्या घरात चूल पेटली नाही. चहाला नाही, उबेला नाही. आपल्या धुराड्यातून काहीही बाहेर पडायला नको, एवढंच तिला सुचलं. रजई पांघरून ती बसली. जीभ टाळूला, श्वास आत, श्वास बाहेर. आणि तिला पहिल्यांदाच कळलं, की जिवंत माणसाच्या उशाशी कसं बसायचं हे आपल्याला येत नाही. इतकी वर्षं ती ढिगाऱ्यांखाली गेली, पण प्रत्येकाला मेलेला धरूनच. लांबचा माणूस, म्हणजे गेलाच. कोणी आत खोकत असेल, हाक मारत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तेल तापवायची एवढी घाई होती तिला.

"दम धर रे," ती मनातल्या मनात म्हणत होती. "श्वास घे. माझ्याबरोबर घे."

एर्मेकची बायको कानिशाय भिंतीजवळ येऊन दबक्या आवाजात सांगून जायची. "आपा, काही जणांना जिवंत काढलंय. त्यात नाहीत ते."

"काढतील. सासू काय म्हणते?"

"तुमचं नाव काढू देत नाहीत." मग जरा थांबून, "सकाळी तुमच्या धुराड्याकडे बघत होत्या पण."

रविवार गेला. सोमवारी सकाळी बुरुल स्वतःच दारात उभी राहिली. ती रडत नव्हती. तिला बघूनच तोतुकानला सगळं कळलं. उठायचं म्हणून तिने भिंत धरली.

"बस, बस," बुरुल म्हणाली आणि समोर बसली. "त्याच्या शेजारी अडकलेला पोरगा वाचला. त्याचा फोन आला होता. एर्मेक शनिवार सकाळपर्यंत बोलत होता म्हणे त्याच्याशी."

शनिवार. म्हणजे गुरुवारी तो जिवंत होता. तोतुकानने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"ऐक पुढे. गुरुवारी केव्हातरी त्याने विचारलं, तुला वास येतोय का, तेलाचा? तो पोरगा म्हणाला, इथे बर्फ आणि लोखंड, कसला वास रे? तर एर्मेक हसला." बुरुलने डोक्याचा रुमाल पुढे ओढला. "म्हणाला, आमची तोतुकान आपा तळतेय. आज कुठे कोण मेलं कोण जाणे."

तोतुकानने अंगावरची रजई काढून बुरुलच्या मांडीवर घातली.

"तुला शिव्या देऊ का दुवा देऊ, एजे? कालपासून विचार करतेय. मला कळत नाही गं."

"शिव्या दे."

"देईन. जन्म पडलाय." बुरुलने शालीखालून घरच्या खिळ्यावरून आणलेली पुरचुंडी काढली आणि सोडली. रोटी दगडासारखी कडक झाली होती. एका कडेला एर्मेकच्या दातांची खूण तशीच होती. "त्याला आणतील तेव्हा आणतील. पेटीत बंद करून, उघडू देणार नाहीत. तोपर्यंत उपाशी नको. तू चूल पेटव. माझे हात चालत नाहीत."

"माझ्या हातचं नको गं बुरुल. दुसऱ्या कोणाला..."

"तुझाच वास ओळखतो तो."

गार पडलेली चूल लवकर पेटेना. कढईत घरातलं उरलंसुरलं तेल ओतलं, ते तापलं, आणि तिने रोटी अलगद आत सोडली. शिळ्या पिठाचा, तेलाचा वास खोलीभर झाला, उघड्या दारातून बाहेर गेला, भिंतीपलीकडे गेला. पलीकडे कानिशायने एकदम हंबरडा फोडला. तोतुकान कुराणातल्या ओळी म्हणू लागली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. रोज तोंडात असलेले शब्द तिला आठवेनात. बुरुलने ते पुढे म्हटले.

मग दोघींनी रोटी मोडून खाल्ली. दातांची खूण असलेला तुकडा तेवढा ताटलीत राहिला. तोतुकानने ताटली बुरुलपुढे सरकवली. बुरुलने तो तुकडा उचलून तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. किती वेळ झाला तरी तो तिने चावला नाही.