आईच्या हातची मशेरी

पहिल्या वेळी राहिलं ते दहाव्या आठवड्यात गेलं. त्यानंतर वर्षभर मी कुणाच्या बारशाला गेले नाही. आमंत्रण आलं की माझं डोकं दुखायचं, खरोखरच दुखायचं. मग एक दिवस मैत्रिणीने सांगितलं की पनवेलला एसटी स्टँडमागे एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या मूल राहायच्या आधीच तीन महिने तयारी करून घेतात. आधीच? आमच्या जासईत, माझ्या माहेरी, पोटुशी बाई तिसऱ्या महिन्याशिवाय दवाखान्याचं दारही बघत नाही. मला तर कल्पनाच एवढी आवडली की रोडपालीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी त्याच दिवसापासून फर्मानं काढायला सुरुवात केली.

पहिलं फर्मान नवऱ्याला. सिगारेट बंद. मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. कामावरून आला की शर्ट हुंगायचा, खिसे उलटे करायचे, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे चौकशी करायची. "अगं, पोलिसात भरती हो तू," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "बाप व्हायचंय ना? मग गप बस." आणि एवढं भाषण झाल्यावर मी गॅलरीत जाऊन शांतपणे मशेरी लावायचे.

आता मशेरी म्हणजे काय ते सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायकांची ही सकाळची, दुपारची, जेवणानंतरची आणि भांडणानंतरची सवय. माझी दाढ दुखत होती तेव्हा, तेराव्या वर्षी, आईनेच पहिल्यांदा माझ्या बोटावर ठेवली. पुढे माझं लग्न झालं, तरी दर महिन्याला जासईहून आईच्या हातची मशेरी पत्र्याच्या डबीतून यायची. मी कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात काम करते, कॉम्प्युटरवर दिवसभर बिलं भरते, चांगली पदवीधर आहे. आणि तरीही शपथेवर सांगते, मशेरी म्हणजे तंबाखू हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. ती दात घासायची वस्तू!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू, गुटखा, दारू?"

"छे, काहीच नाही," मी ठणकावून सांगितलं. वर नवऱ्याकडे बोट केलं. "याची सिगारेट लिहा. मीच सोडवली."

त्या हसल्या. मग माझ्या हिरड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "दात कशाने घासता?"

"मशेरीने."

"दिवसातून किती वेळा?"

"चार... पाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या वेळा दात घाण होतात?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे बघितलं. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. मी पुटपुटले, "म्हणजे... ते माझ्यामुळे गेलं?"

"ते कुणालाच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "तसा विचारही करू नका. पण ही तंबाखूच आहे, आणि पुढच्यासाठी ती सोडायची. आजपासून." मग त्यांनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्त कमी होतं म्हणून लोहाच्याही दिल्या, आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. रोज चालायलाही सांगितलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. कळंबोली आल्यावर नवऱ्याने हात पुढे केला.

"पर्स."

मी डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. तेव्हा कुठे तो हसला, आणि मला इतका राग आला की मीही हसले.

आठवडाभर घरात कुरुक्षेत्र होतं. डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, ऑफिसात कुणी "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. बडीशेप चघळ, भाजका ओवा चघळ, रोडपालीच्या तलावाला फेऱ्या मार. आम्ही दोघं एकमेकांचे जेलर होऊन चालायचो. तो सिगारेटवाचून चिडलेला, मी मशेरीवाचून.

आईला फोन केला. "आई, मशेरी पाठवू नको."

"काय झाला गो? करपली काय?"

मी सगळं सांगितलं. मग आई कडाडली, "माजी चार पोरां मशेरी लावूनच झाली! एक तरी लंगडा हाय काय?" आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी भावाबरोबर डबी आलीच. तीन दिवस मी ती वरच्या फळीवर ठेवली. चौथ्या दिवशी घरात कुणी नसताना उघडली, बोट आत घातलं, ओठापर्यंत नेलं. तो वास म्हणजे आमची पडवी, आई, तिचा तवा. मी ढसाढसा रडले आणि सगळी डबी संडासात ओतून दोनदा फ्लश केला. आईला फेकून दिल्यासारखं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

मशेरी सोडल्यानंतर चौथ्या महिन्यात पट्टीवर दोन रेघा आल्या. मी अशी किंचाळले की शेजारच्या भाभी गॅस लीक झाला समजून धावत आल्या. "अल्लाह, हुआ क्या?" म्हणाल्या आणि पट्टी बघून त्याच नाचायला लागल्या! पण आत धाकधूक होतीच. मी आठवडे मोजत होते. दहावा आठवडा आला तेव्हा मी जिना उतरतानासुद्धा श्वास रोखायचे. सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी आवाज मोठा केला आणि तो ठोका, धकधक, धकधक, अहाहा! नवरा खुर्चीतून उठला आणि टेबलावर आपटला. दहावा गेला, अकरावा आला, आणि ते राहिलं!

सातव्या महिन्यात ओटी भरायला आई आली. हिरवी साडी, पाच फळं, सुक्या बोंबलांची पिशवी. जेवण झालं आणि ती सवयीने गॅलरीत बसली, कनवटीची डबी काढली.

"आई, घरात नको," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

आईचा हात डबीच्या झाकणावरच थांबला. मग म्हणाली, "तुज्या आंगोदर दोन गेली."

मला हे माहीतच नव्हतं. चौतीस वर्षांत ती कधी बोलली नव्हती.

"मना कोनी इचारलाच नाय गो, काय खातंस, काय लावतंस," ती म्हणाली. डबी तिने पुन्हा कनवटीला लावली. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

सकाळी मी बेसिनपाशी ब्रश करत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"बिरूस हाय काय एखादा?"

मी नवा कोरा काढून दिला. तिने बोटभर पेस्ट घेतली, तोंडभर फेस केला, "शी, गोड लागतंय!" म्हणाली, आणि तरीही घासत राहिली. "पोराचा मुका घेताना वास नको यायला." मग चूळ भरली आणि आरशात माझ्याकडे बघितलं.

"मना तवा कोनी सांगितला असता, तं तुमी सहा असता."

"ते कुणालाच सांगता येत नाही, आई."

"नाय सांगता येत तं नाय," ती म्हणाली आणि ब्रश पुन्हा तोंडात घातला. "तू तुजे दात नीट घास."