ओट्याखालची सुभद्राबाई

प्रताप नगरातल्या त्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला, हे घरधन्याच्या आधी सुभद्राबाईच्या चुलीला कळायचं. पाटावर बसून म्हातारी असा वडाभात करी, की भांडलेले शेजारीही वाटी घेऊन दारात हजर. गुडघे मात्र उमरेडकडच्या शेतातच राहिले होते. बसून काहीही सांगा, उभं राहायचं म्हटलं की कळ मस्तकात.

ब्याऐंशी साली मुलाचा, रुपरावचा, गॅसचा नंबर लागला. त्यानं गल्लीत पेढे वाटले. शेजारची सिंधूताई म्हणाली, "पोरगं झालं तवा तं इतके नाही वाटले गा!"

एजन्सीच्या माणसानं चुलीपुढचा पाट पाहून मान हलवली. "शेगडी खाली चालत नाही, नियम आहे. गॅस जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. ओटा बांधा. अन् चूल हटवा, या खोलीत दुसरा विस्तव नको."

"मंग मी कुठं बसू?" सुभद्राबाईनं विचारलं.

"तुले आता बसाची गरजच काय वं माय? जिंदगी धुरात गेली. आराम कर," म्हणत रुपरावनं हौसेनं स्वतः चूल फोडली. रागानं फोडली असती, तर म्हातारीला भांडता तरी आलं असतं.

सून शामला उभ्यानं रांधू लागली. सुभद्राबाई सवयीनं ओट्याखाली, सिलिंडरशेजारी पाट टाकून बसे.

"काहून बसून राहिली वं तिथं? सिलिंडरशी सोयरीक जमवतं का?" सिंधूताई चिडवायची.

एका दुपारी शेगडीचं बटण अर्धवट राहिलं आणि शामला अंगणात गेली. खाली बसलेलीच्या नाकात वास शिरला. बटणापर्यंत हात पुरेना, म्हणून तिनं सिलिंडरच बंद केला आणि बोंब ठोकली. घर वाचलं.

"नियमातच घाला गा," सिंधूताईनं गल्लीभर केलं, "घरोघरी एक सुभद्रा बसवा!"

सगळे हसले. रुपरावचे डोळे मात्र भरले. "माय, काय पाह्यजे तुले? सांग."

"एक भाकर करू दे."

शामलानं परात खाली दिली. हात काही विसरले नव्हते, भाकर गरगर फिरली. तवा मात्र वर. दोन्ही तळव्यांवर भाकर घेऊन ती उठू गेली, गुडघा आडवा आला. शामलानं घाईघाईनं वरून हात घातला. भाकर मधोमध फाटली.

"दुसरी कर नं माय," रुपराव म्हणाला.

तिनं पीठ गोळा केलं आणि परात सुनेकडे सरकवली. "तूच थाप वं बाई."

पुढं दोन वर्षं ती जगली. निजण्याआधी शामला विचारी, "आत्याबाई, वास येते का?"

"नाही वं," ती म्हणे.

त्या घरात तिला विचारावं असं तेवढंच उरलं होतं.