कापराची अ‍ॅलर्जी
आरतीला कापूर पेटला की मला मळमळायला लागतं आणि तुर्भ्यातली ती लॅब आठवते. मलेरियावरचं एक औषध उंदरांना देऊन ते मेंदूच्या कुठल्या भागात किती साठतं, हे आम्ही तिथे मोजायचो. ते औषध घेणाऱ्या काही माणसांना भोवळ यायची, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतच ते जास्त सापडत होतं. म्हणून प्रत्येक भाग वेगळा वाटून वेगळ्या नळीत ठेवायचा. त्या दिवशी आमचे साहेब कापराचा रुमाल नाकाला लावून दारातच थबकले. "आज संकष्टी आहे, ते मांस दाखवू नका मला. आणि हे भागबिग कशाला? मेंदू एकच ना? सगळं एकत्र फिरवा." माझ्या शेजारची टेक्निशियन खाडीकाठच्या गावातली. ती म्हणाली, "सर, मग भोवळ कशानी येते ते कसं कळनार?" "कंपनीला एक आकडा हवाय, तुझं टेन्शन नकोय," म्हणत साहेब आत आले, रुमाल दातांत धरला आणि सगळ्या नळ्यांतला गुलाबी लगदा स्वतःच्या हाताने एका भांड्यात ओतला. मग कोपरापर्यंत हात धुऊन आमच्यासमोरच साबुदाण्याची खिचडी खायला बसले. मिशीत दाणा अडकला होता. उंदरांच्या मेंदूची मला कधी शिसारी आली नव्हती. काल सोसायटीच्या आरतीत मी ताटापासून लांब सरकलो, तर शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "कापराची अ‍ॅलर्जी आहे का रे तुला?" म्हटलं, "हो काकू, संकष्टीला जरा जास्तच होते."