निरोप समारंभवाले मामा

जगातून कुणीही कुठूनही गुपचूप निघून जाऊ नये, एवढ्यासाठीच माझ्या बायकोच्या मामांचा जन्म झाला असावा. मामा भोपाळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहेत, तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात, पण त्यांचा खरा व्यवसाय निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, समोसे आणि स्वतःचं लांबलचक भाषण एवढं झाल्याशिवाय ते कुणाला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. ज्या हिशेबनिसाशी वर्षभर अबोला होता, त्याच्या बदलीला ते असे गहिवरून बोलले की त्या गृहस्थाने खटपट करून बदलीच रद्द करून घेतली. भाषण वाया गेलं म्हणून मामा आठवडाभर धुसफुसत होते. खोली सोडणाऱ्या भाडेकरूलाच काय, गल्ली बदलणाऱ्या दूधवाल्यालाही त्यांनी हार घातला आहे. घरचा जुना कूलर भंगारात निघाला, त्या दिवशी मामींनी नारळ लपवून ठेवला होता.

गेल्या वर्षी कचेरीतल्या सफाईचा आणि चहापाण्याचा ठेका दुसऱ्या एजन्सीकडे गेला. कमलाबाई वर्षानुवर्षं मामांच्या टेबलावर चहा ठेवत आलेली. तिला एका संध्याकाळी सांगण्यात आलं, कल से मत आना. मामांनी समारंभाचा विषय काढला तर साहेब म्हणाले, "वो अपने स्टाफ की थोड़े ही है."

मामा पेटले. त्यांनी तिला घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं, टाळ्यांसाठी आम्हा सगळ्यांना जमवलं आणि शाल उलगडली. कमलाबाईने हात जोडले. "साहब, शॉल मत ओढ़ाओ. हम रिटायर थोड़े ही हुए हैं. हमको तो काम चाहिए."

मामांचं भाषण खिशातच राहिलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिच्या कामाचं विचारायला नेहरू नगरात नव्या एजन्सीच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅनेजरने अगदी सभ्यपणे विचारलं, "आप उनके कौन लगते हैं?"

"एक ही दफ्तर के हैं हम."

"आपके दफ्तर की कहाँ, बाबूजी? वो तो पुरानी एजेंसी की थीं."

तिथून मामा थेट आमच्याकडे आले. कुणाबद्दलही तासभर बोलू शकणारा हा माणूस त्या दिवशी एकच वाक्य बोलला. म्हणाले, "इतकी वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलो रे, आणि ती माझी कोण, हे मला धड सांगता आलं नाही." मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

कमलाबाईला ते काम अजून मिळालेलं नाही. सध्या ती दोन घरी भांडी घासते. मामा मात्र दर महिन्याला एजन्सीत जाऊन तिच्यासाठी विचारून येतात. तिथली मंडळी आता त्यांना कमलाबाईचे भाईसाहब म्हणूनच ओळखतात, आणि मामा त्यांची चूक दुरुस्त करत नाहीत.