सिक रिपोर्ट निल

डोंगरातल्या एका इन्फन्ट्री बटालियनला माझी पोस्टिंग आली तेव्हा मी हवालदार होतो. काम नर्सिंग असिस्टंटचं. बटालियनचे डॉक्टर एक कॅप्टनसाहेब होते, मी त्यांच्या हाताखाली. पण फौजेत पट्टी बांधणाऱ्यालाही जवान डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे मीही डॉक्टर झालो. रिटायर होऊन आर्णीला आलो, तरी ते नाव सुटलं नाही. आमच्या अब्बांच्या गॅरेजसमोर आजही लोक गाडी थांबवून विचारतात, "रफीक डाक्टर आहेत का?"

आमची एमआय रूम म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना. माझी सकाळ तिथल्या फ्रिजपासून सुरू व्हायची. त्यात धनुर्वाताची लस, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि कुत्रं चावलं तर द्यायची रेबीजची लस अन् सीरम असायचं. लाइट गेली की आधी जनरेटर, मग चहा. लस तापली की ती लस राहत नाही, नुसतं पाणी होतं. थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा आणि मग रेडिओजवळ बसायचं. वरच्या पोस्टवरून रोज सिक रिपोर्ट यायचा, म्हणजे कोण आजारी, कोण जखमी, त्याची खबर; कोणीच नसेल तर निल.

वरून रेडिओवर बोलायचा नायक विलास खोब्रागडे; रेडिओवर मी 'मेड', तो 'पोस्ट'. नेरजवळच्या खेड्यातला. अख्ख्या बटालियनमध्ये यवतमाळ जिल्ह्याचे आम्ही दोघंच. दुसऱ्या कोणाशी मी दिवसभर हिंदीत बोलायचो, त्याच्याशी बोललो की तोंडाला चव यायची.

"मेड, पोस्ट. सिक रिपोर्ट निल. ओव्हर."

"निल. रॉजर."

"डाक्टर, आज ठेचा खावासा वाटून राह्यला बा. ओव्हर."

"रेडिओवर टाइमपास नको. आउट."

"आउट तर आउट. रागावतं कायले?"

रिपोर्टच्या बाबतीत मला गंमत चालत नसे. एका जवानाने ताप लपवला होता, त्याला मी सरळ सीओसाहेबांसमोर, म्हणजे बटालियनच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर, उभं केलं होतं. त्याची छुट्टी गेली. पोरं माझ्यावर चिडली, मी म्हटलं चिडा. ताप लपवणारा एकटा मरत नाही, बाकीच्यांनाही घेऊन जातो. माझा हा स्वभाव सगळ्यांना माहीत होता आणि विलासला तर सगळ्यात जास्त.

पोस्टवर एक कुत्रा होता. प्रत्येक पोस्टवर असतो. पहारेकऱ्याच्या आधी त्याला चाहूल लागते, म्हणून जवान त्याला जिवापाड जपतात. या कुत्र्याचं नाव विलासने झुणका ठेवलं होतं. पंजाबची पोरं त्याला जुनका म्हणायची आणि विलास त्यांना रोज दुरुस्त करायचा. लंगरातली, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातली, पहिली रोटी झुणक्याची, असा पोस्टचा रिवाज. ती जमिनीवर टाकायची नाही, हाताने भरवायची. आमच्याबरोबर ड्यूटी करतो तर आमच्यासारखाच जेवेल, असं विलास म्हणायचा.

सीओसाहेबांची ऑर्डर स्पष्ट होती. कुत्रा चावला की रिपोर्ट, जवान खाली एमआय रूममध्ये, कुत्रा खाली व्हेटरनरीवाल्यांच्या ताब्यात. असा खाली गेलेला कुत्रा पुन्हा वर आलेला कोणी पाहिला नव्हता.

बर्फ पडायच्या आधी एका सकाळी विलासचा आवाज रेडिओवर बसलेला वाटला.

"झुणका गेला. थंडीनं गेला. ओव्हर."

"वाईट झालं. कोणाला चावला-बिवला तर नाही? ओव्हर."

"नाई. सिक रिपोर्ट निल. ओव्हर."

मी निल लिहिलं. पोस्टवरच्या पोरांनी झुणक्याला आर्मीच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून पुरलं आणि सॅल्यूट केला, असं नंतर कळलं.

एप्रिलमध्ये मी छुट्टीवर आर्णीला होतो. विलासही नेरला आला, खास जयंतीसाठी. त्यांच्या वस्तीतल्या मिरवणुकीत नाचला नाही तर वर्ष वाया गेलं, असा त्याचा हिशेब. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज खुशीत.

"डाक्टर, काल लय नाचलो. पन उजव्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या. आगीनगाडीत ट्रंक उचलली, तेवा शीर दबली वाटते."

"नेरला दवाखान्यात दाखव."

"दाखवतो ना बाप्पा. तू पह्यले बिर्याणी कवा खाऊ घालतं ते सांग."

मग दोन-तीन दिवस काही नाही. त्यानंतर त्याच्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. मी गॅरेजमध्ये अब्बांना मदत करत होतो.

"भाऊ, हे पानीच पीत नाहीत. गिलास पाह्यला की आंग चोरतात. पंखाही बंद करा म्हनतात. येता का तुमी?"

मी हातातला पाना खाली ठेवला. मनात म्हटलं, या अल्लाह, हे ते नसू दे. गाडी काढली आणि दारव्ह्यावरून सरळ नेरचा रस्ता धरला. वाटेत ऊन असं होतं की हेल्मेटच्या आत डोळे जळत होते.

विलासचं घर पत्र्याचं. अशा उन्हात कूलर बंद, पंखा बंद, दार लावलेलं. आत तो बाजेवर बसला होता, घामाने निथळत, आणि अंगावर चादर ओढलेली. त्याची म्हातारी आई उशाशी कांदा घेऊन बसली होती.

"ऊन लागलं माह्या लेकाले," ती म्हणाली. शेजारचा एक माणूस दारातून म्हणाला, "ऊन नोहे, बाह्यरचं आहे. मानूस आनतो मी झाडफूकवाला." मी त्याला असा काही खेकसलो की तो पायरी चुकून पडता पडता वाचला.

विलास मला पाहून हसला. अगदी नेहमीसारखा हसला. या रोगाचं हेच वाईट आहे. अधूनमधून माणूस पूर्ण शुद्धीवर येतो आणि आपल्याशी आपल्याच माणसासारखा बोलतो.

मी पेल्यात घोटभर पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याला तहान लागलेली होती, हात पुढे आला. पेला ओठांजवळ गेला आणि त्याचा गळा आवळला गेला. मान मागे, डोळे पांढरे, सगळं अंग ताठ. पेला भिंतीवर आदळला. सुनंदा ओरडली. मी तिला बाहेर पाठवलं, आईलाही पाठवलं आणि त्याच्यासमोर बसलो.

"विल्या, कुत्रं चावलं होतं का?"

त्याने उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या खाली एक बारीक पांढरट वण होता. पाहणाऱ्याला दिसणारही नाही.

"झुनका," तो म्हणाला. "दोन दिवसापासून खात नोता. बंकरखाली बसे. मी म्हनलं, हातानं देतो, माह्या हातानं खाईन. रोटी दिली अन् त्यानं कचकन धरलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तर तू रिपोर्ट केला असता."

"केलाच असता!"

"म्हून तं नाई सांगतलं. त्याले खाली नेलं असतं न्. हातमोजा घालून टाकला मी. तीन दिवसांनी थो आपोआपच गेला."

मला राग आला होता, त्याच्यावर, त्या कुत्र्यावर, रोटी हाताने भरवायच्या रिवाजावर. पण समोर बसलेला माणूस घाबरलेला होता आणि ते लपवायला हसत होता. मी त्याचा हात धरून बसलो.

रेबीज काय करतो ते इथे साध्या शब्दांत सांगतो, कारण लोकांना वाटतं की कुत्र्याचं विष रक्तात भिनतं. विष नाही, रक्तातही नाही. तो विषाणू आहे. कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि तिथली नस धरून मेंदूकडे चालू लागतो. हळू चालतो, कधी आठवडे, कधी महिने. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाव तास धुवायची, जखमेत सीरम भरायचं, त्याच दिवसापासून लसीच्या सुया सुरू करून सगळ्या पुऱ्या करायच्या. मग शरीराची फौज आधी तयार होते आणि विषाणू वाटेतच मरतो. पण तो मेंदूत पोचला, पाण्याची भीती सुरू झाली, की जगातला कोणताही डॉक्टर काही करू शकत नाही. ज्या फ्रिजचा आकडा मी रोज लिहीत होतो, त्यात विलासचं औषध होतं. पोस्टपासून अर्ध्या दिवसाच्या उतारावर.

आम्ही त्याला ॲम्बुलन्समधून यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी वाटेतच बटालियनला फोन लावला. कॅप्टनसाहेब फोनवर आले. मग म्हणाले, "पूरी पोस्ट को नीचे उतारता हूँ।" त्या दिवशी पोस्टवरचा प्रत्येक जवान लसीसाठी रांगेत उभा राहिला. तिथे निदान काही करता येत होतं.

यवतमाळला त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना पडदे, वारा नाही, पाण्याचा आवाज नाही. तिथली डॉक्टर पोरगी लहान वयाची होती, पण माझ्याशी सरळ बोलली. "झोपेचं औषध देऊ, झटके कमी करू. तुम्ही मेडिकललाच आहात, पुढचं मी सांगायला नको." नकोच होतं. तरी मी मूर्खासारखा विचारत राहिलो. कुठे काही नवीन इंजेक्शन? नागपूरला? मुंबईला? दिल्लीला? ती मान हलवत राहिली.

घरच्यांना मी लस घ्यायला लावली. माणसाकडून माणसाला हा रोग जवळजवळ जात नाही, पण सुनंदाने त्याच्या तोंडाची लाळ पुसली होती, आणि तिच्या हाताला विळ्याची चीर होती. पदर दंडावरून सरकवून ती बसली. सिस्टरने सुई भरली.

"भाऊ, हे कायचं औषध आहे?"

"त्याला जे झालंय ना, त्याचंच."

"मंग माह्या वाट्याची सुई त्यायले द्या ना. मले तं काईच झालं नाई."

सिस्टर थांबली. मी सुनंदाला समजावून सांगायला लागलो, नस, मेंदू, वेळ. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या तोंडातून निघणारा प्रत्येक शब्द मलाच खोटा वाटत होता. शेवटी तिनेच दंड पुढे केला. "टोचा," ती म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी विलासला थोडा वेळ शुद्ध आली. मी गाऊन-मास्क चढवून आत होतो. त्याचे हात बाजूला बांधलेले. आवाज अगदी गेलेला.

"डाक्टर."

"बोल."

"सिक रिपोर्ट दे माह्यावाला. तू खोटा देत नाई, मले मालूम आहे."

सगळ्या नोकरीत मी खोटा रिपोर्ट दिला नव्हता. कोणाच्या शिफारशीने नाही, कोणाच्या धाकाने नाही. मी त्याच्याकडे पाहिलं.

"निल," मी म्हणालो. "सिक रिपोर्ट निल. ओव्हर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाला, "रॉजर."

मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून रडलो. दुसऱ्या दिवशी विलास गेला.

त्याच्या गावात आसपासचे माजी सैनिक युनिफॉर्म चढवून जमले. वंदना झाली, सॅल्यूट झाला. म्हाताऱ्या आईने मला विचारलं, "लेक लढाईत गेला म्हनू का कुत्र्यानं गेला म्हनू?" मी म्हटलं, "माय, ड्यूटीवर गेला म्हना." बटालियनच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांचीच नावं कोरतात, विलासचं त्यात नाही. नियम तसा आहे. मी भांडलो नाही, पण ते मला आजही बोचतं.

छुट्टी संपवून मी युनिटला परतलो. पहिल्या सकाळी फ्रिज बघितला, आकडा लिहिला, रेडिओजवळ बसलो. वरून नवा आवाज आला.

"मेड, पोस्ट. सिक रिपोर्ट निल. ओव्हर."

"निल नहीं चलेगा। एक-एक का नाम बोलो। हाथ-पैर देख के बोलो। ओव्हर."

पलीकडे गडबड झाली. मग नावं येऊ लागली. अमुक, ठीक. तमुक, ठीक. त्या दिवसापासून माझी पोस्टिंग संपेपर्यंत रोज असंच चाललं. पोरं वैतागायची, मी म्हणायचो वैतागा. नावं संपली की मी लगेच रॉजर म्हणत नसे. पलीकडून विचारायचे, "मेड, कॉपी किया? ओव्हर."

तेवढ्या वेळात मी एक नाव माझ्यापुरतं घेत असे. नायक विलास खोब्रागडे. त्याच्यापुढे ठीक म्हणायला कोणी नसायचं. मग मी बटण दाबून रॉजर म्हणायचो.